बाण उचलणारा माणूस

सायकलवरून तळ्याला वळसा घालायला येणारी माणसं मोठी हौशी. घट्ट कपडे, डोक्यावर कडक टोपी, पाठीवर पाण्याची पिशवी, असा सगळा थाट. आल्या आल्या विचारणार, चढ फार आहेत का हो? आहेत म्हटलं की खूश, आणि पहिल्याच चढाला उतरून सायकल ढकलणार. तळ्याकाठच्या लोकांना त्यांची सवय झाली होती. तळं म्हणायचं आपलं, पण एवढं मोठं की धुकं असलं तर समोरचा काठ दिसायचा नाही. भोवती टेकड्या, टेकड्यांवर दाट रान, आणि त्यातून वर-खाली करत जाणारे अरुंद रस्ते. त्यात फाटे इतके की नवखा माणूस हमखास चुकायचा.

तो चुकू नये ह्यावरच एका नवरा-बायकोचं घर चाललं होतं. बायको सायकलवरून सगळ्यांच्या पुढे जायची आणि प्रत्येक फाट्यावर पिवळा रंग दिलेला लाकडी बाण तारेनं बांधायची. मागून पाहुणे आपापल्या चालीनं यायचे. आणि सगळ्यांत शेवटी नवरा. शेवटचा पाहुणा पुढे गेला की त्यानं बाण सोडवायचा, पिशवीत टाकायचा आणि पुढच्या फाट्याकडे निघायचं. बाण कायमचे ठोकून का ठेवले नाहीत, असं शहाणे लोक विचारायचे. अहो, वाटा तीन होत्या. काठाकाठानं जाणारी, रानातून जाणारी आणि खिंडीवरून जाणारी. तिन्ही वाटा एकमेकींना सतरा ठिकाणी छेदणार. कालचा बाण आज राहिला तर आजचा पाहुणा कालच्या गावाला जाऊन पोचायचा. म्हणून पुढच्यानं लावायचे आणि मागच्यानं उचलायचे, ही पद्धत.

ह्या पद्धतीवरून गावानं दोघांची बारशी केली. तिला पुढारीणबाई, आणि त्यांना शेपटे. खरं आडनाव निराळंच होतं, पण होडीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना शेपटेच म्हणायचे. पाहुण्यांना तर ते खरं आडनावच वाटायचं. आभाराची पत्रं यायची ती 'श्रीयुत शेपटे यांस'. बाई ती मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या.

बाई मूळच्या पाववाल्याची मुलगी. लहानपणापासून सायकलला टोपली लावून तळ्याकाठच्या घरांना पाव पोचवायच्या, त्यामुळे सगळे फाटे पाठ. अंगानं काटकुळ्या, पण चढाला लागल्या की भल्याभल्यांच्या तोंडाला फेस आणायच्या. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. शेपटे सायकलदुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. त्यांच्या अंगात घाई म्हणून नव्हती. पंक्चर काढायचं तर आधी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुड्यांकडे बघत बसणार. मालक ओरडायचा, पण पाववाल्याची मुलगी वाकडं झालेलं चाक घेऊन आली तेव्हा त्यांनी ते इतक्या सावकाश सरळ केलं, की तिला तिथे अर्धा दिवस बसावं लागलं. त्या अर्ध्या दिवसात काय बोलणं झालं ते दोघांनी कुणाला सांगितलं नाही. लग्न मात्र झालं.

धंद्यातली वाटणी मग आपोआप ठरली. जिच्या पायांना चाकं होती ती पुढे आणि ज्याला घाई नव्हती तो मागे. शेवटच्या पाहुण्याला शेपटे कधी पुढे हो म्हणायचे नाहीत. कुणी दमून कठड्यावर बसलं की तेही बसायचे. कुणाची चेन उतरली, कुणाच्या पायात गोळा आला, कुणाला उताराची धडकी भरली, सगळ्यांना शेपट्यांचाच आधार. आपल्या मागे आता कुणी नाही, ही खात्री झाल्याशिवाय ते पायडल मारायचे नाहीत. त्यांचं कामच ते होतं.

पण ह्या कामाची एक गंमत होती, आणि तिला गंमत म्हणायचं की काय म्हणायचं कोण जाणे. उभा जन्म दोघं एकाच रस्त्यावरून सायकल चालवत राहिली, पण एकदाही बरोबरीनं नाही. दिवसभर ती पुढे, हे मागे. मधे पाहुण्यांची रांग. खिंडीतल्या खानावळीत शेपटे घामाघूम होऊन पोचायचे तेव्हा बाईंचा चहा संपून त्या पुढच्या फाट्याकडे गेलेल्या असायच्या. त्यामुळे बायकोची खबरबात शेपट्यांना कळायची ती बाणावरून. तार जशी गुंडाळलेली असेल तशी बाई. घाईत असल्या तर एकच वेढा. रागात असल्या तर इतकी करकचून आवळलेली की पक्कड काढावी लागायची. सकाळी दोघांचं वाजलं असलं की शेपटे पहिल्या फाट्यावर तार सोडवता सोडवता मनाशी म्हणायचे, अजून उतरलेला नाही. तिसऱ्या-चौथ्या फाट्यापर्यंत तार मऊ यायची. मग ते शीळ घालायला लागायचे.

ह्या तारेनंच त्यांना पहिल्यांदा सांगितलं, की काहीतरी बिनसलंय. एका फाट्यावर बाण नुसता खांबाला टेकवून ठेवला होता, तार बांधलेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी एकाच खांबावर दोन बाण, दोन्ही एकाच दिशेला. शेपट्यांनी ते उचलून पिशवीत टाकले आणि घरी चकार शब्द काढला नाही. होतं माणसाचं, असं स्वतःला समजावलं. मग वसंतात तो गोठ्याचा प्रकार झाला. बाईंनी बाण लावला तो थेट एका दूधवाल्याच्या फाटकाकडे तोंड करून, आणि अख्खी फलटण वळली ती गोठ्यात. गाई बिथरल्या, एक शिक्षिकाबाई शेणात बसल्या, दूधवाला काठी घेऊन धावला. संध्याकाळी जेवताना पाहुण्यांना हसू आवरेना. बाईही हसल्या. पण नंतर मोरीत भांडी विसळताना त्या बराच वेळ एकच बशी धूत होत्या. शेपट्यांनी ते बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी ते बाईंना डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टरनं आडपडदा ठेवला नाही. हे विसरणं साधं नाही, वाढत जाणार, औषधानं थोडं लांबेल एवढंच, असं दोघांसमोर सांगितलं. सायकल बंद करा, निदान एकटीनं पुढे जाणं तरी बंद करा. लेक शहरात इस्पितळात नर्स होती, ती रजा टाकून आली. तिनं बापाला अंगणात नेऊन चांगलं फैलावर घेतलं. आईला पुढे पाठवता कसे तुम्ही? तुम्ही तिच्याबरोबर राहा, मागे दुसरं कुणी ठेवा, नाहीतर धंदाच मोडा. सगळं खरं होतं. शेपट्यांनी मान हलवली. तिनं आईसाठी मोबाइल आणला, त्यात आपला नंबर घालून दिला आणि दहादा बजावून गेली.

लेक गेल्यावर शेपटे शेडमध्ये आले. बाई बाणांना रंग देत बसल्या होत्या. जुना रंग खरवडून, नवा पिवळा हात. त्यांनी वर न बघताच सांगितलं, काय बोलायचंय ते माहीत आहे मला.

"पुढे मी, मागे तुम्ही," त्या म्हणाल्या. "एवढं एक मोडू नका. तुम्ही माझ्या शेजारून चालवायला लागलात ना, की प्रत्येक फाट्यावर मला कळणार, की ह्यांना माझा भरवसा राहिला नाही. मग मला बाण लावताच येणार नाही. जमेनासं झालं की मीच सांगेन तुम्हाला."

"आणि तुझ्या लक्षातच आलं नाही तर?" शेपट्यांनी विचारलं.

बाईंनी कुंचला डब्यात ठेवला. "बाण चुकला की येईल लक्षात," त्या म्हणाल्या. "एवढं तरी येईल."

आता सांगा, ह्यावर माणूस काय बोलणार? शहाण्यानं नाही म्हणायला हवं होतं. लेकीनं पुढे तसं तोंडावर सांगितलंही. पण ज्या बाईचं सगळं आयुष्य पुढे जाण्यात गेलं, तिला मागे ओढायचं धाडस शेपट्यांना झालं नाही. ते हो म्हणाले. तेवढा मोसम तिला पुढे राहू द्यायचा, एवढंच त्यांच्या जिवाला लागलं. बाकी धंदा गेला खड्ड्यात.

आणि उन्हाळा बरा गेला की. औषधानं म्हणा, जिद्दीनं म्हणा, बाई सावरल्या. त्यांनी स्वतःची एक युक्ती काढली. बाण लावला की खांबावर थाप मारायची आणि मोठ्यानं म्हणायचं, लावला. पाहुण्यांना वाटायचं, बाई गमतीशीर आहेत. तरी कधी कधी पुढे गेल्यावर शंका यायचीच, की मागचा लावला की नाही? मग त्या परत फिरून बघून यायच्या. बाण दिसला की जीव भांड्यात पडायचा. असं त्या एकदा सहज बोलून गेल्या. शेपट्यांनी ऐकलं, आणि बरंच आहे की, खात्री केलेली बरी, असं म्हणाले. त्यात काही वावगं आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. कुणाच्या आलं असतं?

शरद सरत आला तेव्हा मोसमातली शेवटची फलटण आली. एका कचेरीतली माणसं होती, हसरी, जरा गलेलठ्ठ, चढाला धापा टाकणारी. वाट खिंडीची. सकाळी धुकं होतं, ते उन्हं वर आल्यावर विरलं. रानातली पानं तांबडी झाली होती. बाई नेहमीसारख्या पुढे गेल्या. मोबाइल शेडमध्येच राहिला. उतारावर वाजला तर दचकायला होतं, म्हणून त्या तो मुद्दाम विसरायच्या.

शेपट्यांनी पहिल्या फाट्यावर तार सोडवली आणि त्यांना बरं वाटलं. दोन वेढे, टोक आत मोडलेलं, जुन्या दिवसांतल्यासारखं. दुसऱ्या फाट्यावर तसंच. जळक्या झाडाच्या फाट्यावर, जिथे एक रस्ता खिंडीकडे चढतो आणि दुसरा जुन्या धक्क्याकडे उतरतो, तिथेही बाण सरळ खिंडीकडे, तार नीट. एकही चूक नाही. शेपटे शेवटच्या पाहुण्याला म्हणाले, आज आमची पुढारीणबाई मजेत आहे. ते शीळ घालत चढले. मागे कुणी नाही, पिशवीत बाण वाजताहेत, आणि पुढे ती आहे. बऱ्याच दिवसांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

खिंडीतल्या खानावळीत बाई नव्हत्या. त्यात नवल नव्हतं, त्या कधीच नसायच्या. खानावळवालीनं सांगितलं की चहा घेतला, जरा वेळ खिडकीशी बसल्या, मग 'बघून येते' म्हणून उठल्या. कुठल्या बाजूला गेल्या ते तिनं बघितलं नाही, ती चुलीपाशी होती. शेपट्यांनी गरम बटाटे खाल्ले, पाहुण्यांच्या सायकलींचे ब्रेक तपासले, कारण पुढे उतार होता, आणि फलटण निघाली.

पुढच्या फाट्यावर सगळे पाहुणे घोळका करून उभे. बाण नव्हता.

शेपट्यांनी खांबाच्या बुडाशी, गवतात शोधलं. पण चेहऱ्यावर काही दाखवायची सोय नव्हती. वारा असेल, पडला असेल कुठेतरी, असं काहीबाही सांगून त्यांनी सगळ्यांना बरोबर रस्त्याला लावलं, पुढचे फाटे नीट समजावले आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः पुढे गेले. पुढच्या फाट्यावर बाण नाही, त्याच्या पुढच्यावरही नाही. त्यांना वाटलं, ती लावायचं विसरली आणि तशीच पुढे गेली. म्हणून ते जिवाच्या आकांतानं पुढे सुटले. ज्या पायांना घाई माहीत नव्हती ते पाय उतारावरही पायडल मारत होते. मुक्कामाचं गाव आलं. तिथे बाई आल्या नव्हत्या. तरी शेपटे गावाच्या पुढे गेले, पुढच्या पुलापर्यंत, त्याच्या पलीकडच्या वळणापर्यंत. भेटेल त्याला विचारत होते. अख्खी दुपार त्यांनी पुढे शोधण्यात घालवली. ती जन्मभर पुढेच असायची हो. ती मागे असेल हे त्यांच्या डोक्यातच येईना.

बाई मागे होत्या. खानावळीत चहा पिता पिता त्यांना शंका आली, की जळक्या झाडाच्या फाट्यावर आपण बाण लावला का? लावला होता. पण ते आठवेना. म्हणून त्या बघून यायला निघाल्या. रस्त्यानं गेल्या असत्या तर वाटेत पाहुणे भेटले असते, शेवटी शेपटे भेटले असते. पण खिंडीतून त्या फाट्यावर रानातून उतरणारी एक पाऊलवाट आहे, पाव पोचवायच्या तेव्हापासूनची त्यांची. सायकल हातात धरून त्या तिनं उतरल्या. इकडे रस्त्यानं शेपटे शीळ घालत वर चढत होते आणि त्यांच्या पिशवीत जळक्या झाडाचा बाण होता. दोघांमध्ये फक्त रान होतं.

बाई फाट्यावर पोचल्या तेव्हा खांब रिकामा. शेवटचा माणूस येऊन बाण उचलतो, ही इतक्या वर्षांची पद्धत त्या क्षणी त्यांच्या मनातून साफ पुसली गेली. बाण पुसले गेले नव्हते, ते लावायचे असतात हे पक्कं लक्षात होतं. फक्त उचलणारा पुसला गेला. त्या अजून मागे गेल्या. त्याच्या मागच्या फाट्यावर बाण नाही. त्याच्याही मागे नाही. सकाळपासून आपण एकही बाण लावला नाही, पाहुणे रानात कुठे कुठे भरकटले असतील, असं त्यांना वाटलं असणार. काय वाटलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्या दिवशी त्यांच्या हातून एकही चूक झाली नव्हती, आणि जो जो फाटा त्या बघत गेल्या तो तो त्यांना उलटंच सांगत गेला.

उन्हं कलली तेव्हा शेपटे मुक्कामाच्या गावात परतले, आणि तिथे होडीवाल्याचा फोन आला. तो तळ्यातून चालला होता, आणि त्याला जुन्या धक्क्याच्या वाटेवर झुडपांतून पिवळं पिवळं दिसलं. तुमचे बाण तिकडे कसे, ती वाट तर बंद आहे ना, असं त्यानं विचारलं. शेपट्यांनी फोन तसाच टाकला आणि कुणाच्या तरी गाडीत बसून ते उलटे फिरले.

जळक्या झाडाच्या फाट्यावर बाण लावलेला होता. धक्क्याकडे तोंड करून. बाईंजवळ उरलेले, पुढच्या निम्म्या वाटेचे सगळे बाण त्या उतारावर होते. खांब नव्हते म्हणून फांद्यांना, झुडपांना, एक तर गवताच्या जुडीला. तारा नुसत्या लोंबत होत्या. शेपटे धावत उतरले. धावता धावता त्यांचा हात सवयीनं पहिल्या बाणाकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. त्यांनी एकाही बाणाला हात लावला नाही.

बाई धक्क्याच्या मोडक्या फळ्यांपाशी चिखलात पडल्या होत्या. सायकल अर्धी पाण्यात. खुब्याचं हाड मोडलं होतं, ओठ निळे पडले होते, कपडे चिंब. होडीवाला आधीच पोचला होता, त्यानं आपली घोंगडी त्यांच्यावर टाकली होती. शेपट्यांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. हाका मारल्या. त्यांनी डोळे उघडले, पण त्या होडीकडे बघत राहिल्या. तळ्यातूनच त्यांना पलीकडच्या इस्पितळात नेलं.

लेक आली. ती बापाला काही लागट बोलली, मग स्वतःच रडली, मग बापाला पेज भरवली. हाड बसवलं, पण अंगात ताप मुरला होता आणि छाती भरली होती. त्याहून वाईट म्हणजे जे थोडं थोडं जात होतं ते आता एकदम गेलं. लेकीला त्या ओळखायच्या, कधी बहीण समजून, कधी आई समजून. शेपट्यांना अजिबात नाही. ते रोज खाटेशेजारी बसायचे, आणि बाई त्यांच्याशी परक्या गृहस्थाशी बोलावं तसं अदबीनं बोलायच्या. बोलणं एकच. आज मोठा घोटाळा झाला हो माझ्या हातून. बाण लावायलाच विसरले. एकही लावला नाही. माणसं रानात राहिली.

शेपटे सांगायचे, की अगं, सगळी माणसं सुखरूप पोचली. त्या मान हलवायच्या, पण पटायचं नाही. पुन्हा तेच. औषध द्यायला नर्स आली की तिलाही तेच. झोपेतही हात खांबाला थाप मारल्यासारखा चादरीवर पडायचा. शेपट्यांना दुसरं काही नको होतं. तिनं आपल्याला ओळखावं ही आशा त्यांनी सोडली होती. फक्त ती चुकली नव्हती एवढं तिला कळावं. जायचं असेल तर ते तरी घेऊन जावं.

एका सकाळी ते घरून पिशवी घेऊन आले. त्या दिवसापासून ती शेडमध्ये तशीच पडून होती. इस्पितळात लाकडं कशाला आणता म्हणून दारावरचा माणूस अडवायला लागला, पण लेकीनं त्याला बाजूला घेतलं. शेपट्यांनी पिशवी खाटेवर ठेवली आणि त्यातले बाण एकेक करून बाईंच्या मांडीजवळ मांडले. तारा अजून त्यांना लटकत होत्या.

"हे बघ," ते म्हणाले. "त्या दिवशी तू लावलेले बाण. पहिल्या फाट्याचा हा, हा जळक्या झाडाचा. सगळे जागच्या जागी लावले होतेस. एकही चुकली नव्हतीस. मागून मी आलो आणि मी उचलले. मी उचलले म्हणून तुला दिसले नाहीत."

बाईंनी बाणांवरून हात फिरवला. एक उचलून उलटा केला, तारेचं टोक चाचपलं. चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं झालं आणि शेपटे खाटेजवळ सरकले. लेकही दारात थबकली.

"बघा," बाई हळूच म्हणाल्या. "सगळे पिशवीतच राहिले. मी सांगत होते ना तुम्हाला? लावलेच नाहीत मी."

शेपट्यांनी लेकीकडे बघितलं, पण तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. बाईंनी हातातला बाण बाकीच्यांवर अलगद ठेवला, आणि मग त्या त्यांच्याकडे झुकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या ह्यांना सांगू नका हं. ते सगळ्यांच्या शेवटी असतात, दमून येतात. त्यांना वाईट वाटेल."

"नाही सांगत," शेपटे म्हणाले.

मग ते बाण एकेक करून पिशवीत भरायला लागले.